विश्लेषण : स्टँडबाय एलसी दुसऱ्याच्या नावावर करायला बँका का कचरतात?

परदेशी बँकेच्या हमीवर माल पाठवणाऱ्या सोलापूरच्या निर्यातदारांनी फर्म बदलण्याआधी हा एक कागद तपासायला हवा. आणि बँकांनी नकार द्यायचा असेल तर तो वेळेत द्यायला हवा.

सोलापुरातील टॉवेलच्या एखाद्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. वडील आणि काकांची जुनी भागीदारी फर्म. मुलांनी कारभार हाती घेतल्यावर सीएच्या सल्ल्याने फर्मची एलएलपी केली. नवा पॅन आला, नवा जीएसटी क्रमांक आला, आयात-निर्यात कोड बदलला, कारखान्यावरची पाटीही बदलली. एक कागद मात्र तसाच राहिला. परदेशी खरेदीदाराच्या बँकेने जुन्या फर्मच्या नावे दिलेली स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीत एसबीएलसी. खरेदीदार वेळेवर पैसे देत होता तोवर तिची कोणाला आठवणही झाली नाही. मग दोन बिले थकली. फाईल उघडली गेली. तेव्हा बँकेने विचारले, ‘माल एलएलपीने पाठवला, बिल एलएलपीचे, मग फर्मच्या नावच्या एसबीएलसीवर मागणी कोण करणार?’

हे उदाहरण कल्पित आहे. पण भावाभावांच्या भागीदारीवर आणि एकट्या मालकाच्या सहीवर चालणाऱ्या सोलापूरच्या उद्योगात ते कोणावरही येऊ शकते. चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या या शहरात मालाची पत मोठी आहे. परदेशातून पैसे येण्याची खात्री मात्र अशा कागदांवर असते आणि त्या कागदावरच्या नावाला फार महत्त्व असते.

स्टँडबाय एलसी म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या एलसीत निर्यातदार माल जहाजावर चढवतो, बिल ऑफ लेडिंग, बिल, विमा अशी कागदपत्रे बँकेला देतो आणि बँक पैसे देते. तिथे एलसी हाच पैसे येण्याचा रोजचा मार्ग असतो. स्टँडबाय एलसी नावाप्रमाणे राखीव असते. खरेदीदाराने उधारीवर घेतलेल्या मालाचे पैसे स्वतःहून दिले, तर ती तशीच पडून राहते आणि मुदत संपल्यावर रद्द होते. त्याने पैसे बुडवले तरच ती बाहेर काढायची. आपल्याकडच्या बँक गॅरंटीची ती सख्खी बहीण आहे. अमेरिकेत राष्ट्रीय बँकांना दुसऱ्यासाठी जामीन राहण्यावर कायद्याची बंधने होती, म्हणून तिथल्या बँकांनी हमीचे काम एलसीच्या रूपात सुरू केले. तिथूनच हा प्रकार जगभर गेला.

दोन्हींतला सर्वात मोठा फरक कागदपत्रांचा आहे. नेहमीच्या एलसीत जहाज कंपनीसारख्या तिसऱ्या पक्षाचा कागद लागतो. स्टँडबाय एलसीत बहुतेक वेळा लाभार्थ्याचे स्वतःचे निवेदन पुरते. ‘अमुक बिलाचे पैसे मुदतीत मिळाले नाहीत’ असे लिहून त्याने सही केली, सोबत बिलाची प्रत जोडली, की बँक पैसे देते. ते खरे आहे का, हे बँक तपासत बसत नाही.

हस्तांतर झाले म्हणजे काय बदलते?

याचे उत्तर वरच्या परिच्छेदातच आहे. स्टँडबाय एलसी दुसऱ्याच्या नावावर केली म्हणजे त्या एका सहीचा हक्क दुसऱ्याला दिला. खरेदीदाराने आपल्या बँकेला सांगितलेले असते, की सोलापूरच्या या फर्मने लिहून दिले तर पैसे द्या. त्या फर्मशी त्याचा दहा वर्षांचा व्यवहार असतो आणि ती खोटी मागणी करणार नाही असा त्याचा विश्वास असतो. उद्या तो हक्क त्याने कधी नावही न ऐकलेल्या माणसाकडे गेला, तर त्याचे पैसे अनोळखी माणसाच्या सहीवर जाऊ शकतात. म्हणून खरेदीदार हस्तांतरणीय एसबीएलसी द्यायला सहसा तयार नसतो आणि त्याची बँक त्याहून कमी तयार असते.

हीच गोष्ट उलट बाजूनेही पाहता येईल. सोलापूरचा एखादा कारखानदार परदेशातून माग आयात करतो आणि यंत्र पुरवणाऱ्याच्या नावे आपल्या बँकेकडून एसबीएलसी काढतो. त्या मजकुरात ‘हस्तांतरणीय’ हा शब्द आला, तर उद्या मागणी कोणाकडून येईल हे त्यालाही ठाऊक नसेल. इथे तो स्वतः अर्जदार आहे. तेव्हा मजकुराचा मसुदा न वाचता सही करणे त्याला परवडणारे नाही.

नियम काय सांगतात?

एसबीएलसीच्या तळाशी ती कोणत्या नियमावलीखाली दिली आहे, ते लिहिलेले असते. पहिला प्रश्न तोच विचारायचा, कारण नियमावलीनुसार उत्तर बदलते.

यूसीपी ६०० ही पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाची नियमावली १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिचे कलम ३८ हस्तांतराचे आहे. एलसीवर ‘ट्रान्सफरेबल’ हा शब्द स्पष्ट असला पाहिजे. अंशतः मागणी वा माल पाठवण्याची मुभा असेल तर ती तुकड्यांत एकाहून अधिक जणांना देता येते, पण ज्याला मिळाली तो ती पुढे तिसऱ्याला देऊ शकत नाही. हे कलम मुळात दलाल व्यापाऱ्यासाठी लिहिलेले आहे. तो एलसीचा काही भाग खऱ्या उत्पादकाकडे वळवतो आणि मधला नफा स्वतःकडे ठेवतो.

आयएसपी ९८ ही खास स्टँडबायसाठी केलेली नियमावली १ जानेवारी १९९९ पासून आहे. तिचा नियम ६ जवळजवळ उलट आहे. ‘ट्रान्सफरेबल’ हा शब्द इथेही लागतोच. पण वेगळे काही लिहिले नसेल तर हस्तांतर पूर्ण रकमेचेच होते, तुकड्यांत नाही. मात्र ते एकाहून अधिक वेळा होऊ शकते.

बँक गॅरंटीसाठीची यूआरडीजी ७५८ ही नियमावली १ जुलै २०१० पासून आहे. तिच्या कलम ३३ मध्ये एक महत्त्वाची अट आहे. ज्याला हमी द्यायची, त्याने मूळ व्यवहारातील हक्क आणि जबाबदाऱ्याही घेतल्या आहेत, असे सहीचे निवेदन जुन्या लाभार्थ्याने द्यावे लागते. म्हणजे धंदा एकाकडे आणि हमी दुसऱ्याकडे, असे चालत नाही.

तिन्हींत एक गोष्ट समान आहे. ‘ट्रान्सफरेबल’ हा शब्द असला तरी बँक हस्तांतराला आपोआप बांधील होत नाही. तिने ज्या मर्यादेत आणि ज्या पद्धतीने संमती दिली, तेवढेच. अनेक निर्यातदारांना हे माहीत नसते. ‘शब्द लिहिलेला आहे, मग अडचण काय?’ असे ते विचारतात. शब्दाने फक्त अर्ज करता येतो.

बँक प्रत्यक्षात काय तपासते?

आयएसपी ९८ मध्ये याची यादीच आहे. लाभार्थ्याचा विहित नमुन्यातला अर्ज लागतो. त्यात नव्या लाभार्थ्याचे नाव, पत्ता आणि हस्तांतर कधीपासून लागू व्हावे ती तारीख हवी. मूळ एसबीएलसी परत द्यावी लागते, झेरॉक्स चालत नाही. अर्जावर सही करणाऱ्याची सही खरी आहे का आणि त्याला तो अधिकार आहे का, याची खातरजमा होते. शुल्क भरावे लागते. याखेरीज बँक इतर वाजवी अटी घालू शकते.

या ‘इतर अटी’तच बहुतेक वेळ जातो. नव्या लाभार्थ्याचे केवायसी होते, निर्बंध असलेल्या व्यक्ती आणि देशांच्या याद्यांशी त्याचे नाव ताडून पाहिले जाते. एसबीएलसी कशी आली, हेही बघितले जाते. ती आता बहुधा स्विफ्टच्या संदेशाने येते आणि भारतातील बँक तिची सत्यता तपासून लाभार्थ्याला कळवते. कळवणाऱ्या बँकेला हस्तांतर करण्याचा अधिकार दिलेला नसेल, तर अर्ज परदेशातील मूळ बँकेकडेच जावा लागतो. सोलापूरच्या शाखेतील अधिकाऱ्याच्या हातात त्यातले फारसे काही नसते. मूळ बँकेचे उत्तर येईपर्यंत त्यालाही थांबावेच लागते.

ही काळजी विनाकारण नाही. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून गेलेल्या खोट्या हमीसंदेशांनी पंजाब नॅशनल बँकेला २०१८ मध्ये जो १३ हजार कोटींहून मोठा फटका बसला, त्यातले स्विफ्ट संदेश बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नोंदलेच गेले नव्हते. रिझर्व्ह बँकेने १३ मार्च २०१८ रोजी आयातीसाठीची लेटर ऑफ अंडरटेकिंगची पद्धतच बंद केली. एलसी आणि बँक गॅरंटी सुरू राहिल्या, पण हमीच्या कागदाकडे बघण्याची बँकांची नजर तेव्हापासून बदलली आहे.

सूतवाल्याला तारण म्हणून देता येईल का?

हा प्रश्न वारंवार येतो. निर्यातदाराला सुताची उधारी हवी असते आणि हातात परदेशी बँकेची एसबीएलसी असते. ती सूत व्यापाऱ्याच्या नावावर करून द्यावी, असे त्याला वाटते. त्यासाठी हस्तांतराची गरज नाही. यूसीपीच्या कलम ३९ मध्ये आणि आयएसपीच्या नियम ६ मध्येही दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे येणारी रक्कम नेमून देणे. मागणी करण्याचा हक्क निर्यातदाराकडेच राहतो, फक्त पैसे आले की ते अमुक व्यक्तीला द्यावेत अशी सूचना बँकेकडे नोंदवली जाते. एसबीएलसीवर ‘ट्रान्सफरेबल’ हा शब्द नसला तरी हे करता येते. पण सूतवाल्याने दोन गोष्टी समजून घ्याव्यात. बँकेने ती सूचना लेखी स्वीकारली नाही, तर तिच्यावर बंधन नाही. आणि निर्यातदाराने मागणीच केली नाही, किंवा खरेदीदाराने वेळेवर पैसे दिले, तर एसबीएलसीतून त्याच्या हाती काहीच येत नाही.

मालक गेला किंवा फर्म बदलली तर?

कुटुंबावर सर्वात जड जाणारा प्रसंग हाच. एकट्या मालकीच्या धंद्याला कायद्याने मालकापासून वेगळे अस्तित्व नसते. भागीदारी कायदा, १९३२ प्रमाणे करारात वेगळे काही लिहिले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. मग एसबीएलसीवरचे नाव ज्याचे, तोच उरत नाही.

आयएसपी ९८ ने याची वेगळी सोय केली आहे. वारस, दिवाळखोरीतील प्रशासक, विलीनीकरणातून उरलेली कंपनी, नाव बदललेली संस्था, अशांना सरकारी अधिकारी किंवा न्यायालयाने दिलेला कागद दाखवून मागणी करता येते. इथे ‘ट्रान्सफरेबल’ शब्दाची गरज नाही, कारण हस्तांतर कोणी स्वेच्छेने केलेले नसून कायद्याने घडलेले असते. यूसीपी ६०० मध्ये अशी तरतूद नाही. म्हणून तळाशी कोणती नियमावली लिहिली आहे, हा प्रश्न वारसांसाठी लाखो रुपयांचा ठरतो.

आपल्याकडे हे कागद मिळवायचे म्हणजे भारतीय वारसा कायदा, १९२५ खाली न्यायालयातून सक्सेशन सर्टिफिकेट, किंवा जुन्या मुंबई इलाख्यातील १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळणारा वारसदाखला. फर्मची एलएलपी झाली असेल तर निबंधकाचे प्रमाणपत्र. प्रमाणपत्र हाती असले तरी बँक कायदेशीर मत, आणखी दाखले, अधिकाऱ्याचे पत्र मागू शकते.

आणि इथेच खरी मेख आहे. बँकेने असे कागद मागितले की पैसे देण्याची तिची जबाबदारी तेवढा काळ थांबते. पण कागदपत्रे सादर करण्याची मुदत थांबत नाही. एसबीएलसी ३१ तारखेला संपणार असेल तर ती ३१ लाच संपते, मग तुमचा वारसदाखला न्यायालयात अडकलेला असो की बँकेच्या विधी विभागाचे उत्तर यायचे असो.

आपल्या न्यायालयांची भूमिका काय?

हमीच्या व्यवहारात न्यायालये सहसा हात घालत नाहीत. उघड फसवणूक किंवा भरून न येणारा अन्याय असेल तरच बँकेचे पैसे देणे थांबवता येते, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत घेतली आहे. पण मागणी कोणी केली, याबाबत ते तितकेच काटेकोर आहे. याचे उदाहरण सोलापूरशी दुरून नाते सांगणारे आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा बिहार सरकारशी एका कंत्राटावरून वाद झाला. १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बँक गॅरंटीवरची मागणी चुकीची ठरवली. एक कारण गॅरंटीच्या अटींचे होते. दुसरे असे, की गॅरंटीत मुख्य अभियंत्याचे नाव होते आणि मागणीचे पत्र कार्यकारी अभियंत्याने लिहिले होते.

एकाच सरकारचे, एकाच खात्याचे दोन अधिकारी. तरीही एकाच्या हक्काची मागणी दुसऱ्याला करता आली नाही. मग जुनी फर्म आणि नवी एलएलपी एकाच घरातली आहे, हा युक्तिवाद परदेशी बँकेपुढे किती टिकेल, याचा विचार करावा.

मग चूक कोणाची?

बँकेचा नकार बऱ्याचदा बरोबर असतो. ज्याच्या पैशांवर हमी दिली, त्या अर्जदाराचे हित जपणे हे तिचे कामच आहे. तक्रार आहे ती नकार येण्याच्या वेळेबद्दल. कागदपत्रे सादर झाल्यावर ती तपासायला यूसीपीने बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस दिले आहेत. आयएसपीत तीन दिवस वाजवी आणि सातपेक्षा जास्त अवाजवी मानले जातात. हस्तांतराच्या अर्जावर उत्तर देण्यासाठी मात्र दोन्हींत दिवसांची मर्यादा नाही. आज एक कागद, पुढच्या आठवड्यात दुसरा, मग विधी विभाग, मग परदेशातील बँक. घड्याळ फक्त ग्राहकासाठी चालू राहते.

यावर उपाय अवघड नाही. एसबीएलसी ग्राहकाला कळवतानाच भारतातील बँकेने एका पानावर मराठीत तीन गोष्टी लिहून द्याव्यात : ती हस्तांतरणीय आहे की नाही, कोणत्या नियमावलीखाली आहे, आणि फर्म बदलल्यास किंवा मालकाचा मृत्यू झाल्यास काय लागेल. हस्तांतराचा वा वारसाचा अर्ज आला की लागणारी सगळी कागदपत्रे एकाच पत्राने मागावीत. आणि ठरावीक दिवसांत ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘परदेशी बँकेला विचारले आहे’ यापैकी एक लेखी उत्तर द्यावे. पहिल्या आठवड्यात नकार मिळाला तर निर्यातदार खरेदीदाराकडून दुरुस्ती मागू शकतो, पुढचा माल थांबवू शकतो. मुदत संपल्यावर आलेल्या नकाराचा त्याला काही उपयोग नाही.

‘भाड्याची एसबीएलसी’ हा काय प्रकार?

हस्तांतराचा विषय निघाला की एक धोकाही सांगायला हवा. ‘मोठ्या परदेशी बँकेची एसबीएलसी तुमच्या नावावर करून देतो, त्यावर कर्ज काढा, फक्त आधी शुल्क भरा’ असे सांगणारे दलाल असतात. वर सांगितलेले सगळे लक्षात घेतले तर यातला पोकळपणा दिसतो. एसबीएलसी एखाद्या खऱ्या देण्याची हमी असते. ज्याचे तुमच्याशी काही देणेच नाही, त्याची एसबीएलसी तुमच्या नावावर होऊन तुम्ही मागणी कशाची करणार? बुडालेले पैसे दाखवणारे निवेदन खोटे लिहावे लागेल. अशा योजनांबद्दल अमेरिकेतील नियामकांनीही गुंतवणूकदारांना सावध केलेले आहे. आगाऊ शुल्क मागितले की तिथेच थांबावे.

निर्यातदाराने काय करावे?

पहिले, सौदा ठरतानाच एसबीएलसीचा मसुदा मागवून वाचावा आणि शक्य असेल तर आयएसपी ९८ चा उल्लेख करून घ्यावा. दुसरे, पुढच्या वर्षभरात फर्म बदलायचा बेत असेल तर हस्तांतराच्या मागे न लागता खरेदीदाराला सांगून नव्या नावाची दुरुस्ती किंवा नवी एसबीएलसी घ्यावी. नियमित खरेदीदार यासाठी बहुधा तयार होतो, कारण त्यालाही माल हवा असतो. तिसरे, ती दुरुस्ती बँकेकडून लेखी येईपर्यंत नव्या नावाने बिल फाडू नये. चौथे, भागीदारीच्या करारात एका भागीदाराच्या मृत्यूनंतरही फर्म सुरू राहील असे कलम आहे का, ते पाहावे. नसेल तर वकिलाकडून घालून घ्यावे.

शेवटचे काम सर्वात साधे आहे. फर्मचे रूपांतर करताना आपण बँक खाती, वीजजोड, जीएसटी, कामगार नोंदणी यांची यादी करतो. त्या यादीत परदेशी बँकांच्या एसबीएलसी आणि त्यांच्या मुदती लिहिल्या जात नाहीत, कारण ते कागद बहुधा तिजोरीत असतात आणि कारकुनाच्या नजरेला पडत नाहीत. सीएने रूपांतराची कागदपत्रे तयार करायला घेण्याआधी ती तिजोरी उघडावी.